यंत्राचे इमान



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी उभी हयात तर्कशास्त्राच्या अध्यापनात वेचली, आणि त्यांच्याविषयी त्यांचे विद्यार्थी एकमुखाने सांगतात ते असे की, चुकलेल्या उत्तराला चुकलेले म्हणण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही व तसे म्हणताना समोरच्या मुलाची मान खाली जाईल असा शब्दही कधी वापरला नाही. ही दोन्ही पथ्ये एकाच वेळी सांभाळणे माणसालाही कठीण. मग जे यंत्र आता कोट्यवधी लोकांशी त्यांच्याच भाषेत संभाषण करू लागले आहे त्याच्या ठिकाणी हा गुण कसा आणावा, आणू पाहणाऱ्यांपुढे कोणत्या अडचणी आहेत, आणि आपल्यासारख्या मराठी भाषकांचा त्या उद्योगाशी काही संबंध पोहोचतो की नाही, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. यंत्रे उद्या मानवजातीचा उच्छेद करतील काय, या प्रश्नाचा खल मोठमोठे विद्वान करीत आहेत व तो त्यांनी अवश्य करावा. माझे लक्ष मात्र त्याहून लहान, परंतु अधिक निकटच्या एका प्रसंगाकडे आहे. आपल्यापैकीच कोणी एक जण, घरातली माणसे निजल्यावर, जी गोष्ट आप्तांजवळही काढता येत नाही ती या यंत्राजवळ काढतो. त्या घटकेला यंत्राने त्याच्याशी कसे वागावे?

हा प्रश्न ज्या गृहस्थाला प्रथम खऱ्या अर्थाने बोचला त्याचे नाव जोसेफ वायझेनबाउम. १९२३ साली बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला, आणि नाझी अंमलाचा जाच वाढत चालला तेव्हा, १९३६ साली, ते कुटुंब अमेरिकेस गेले. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत अध्यापक असताना त्याने एक संगणक-कार्यक्रम रचला व १९६६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्नार्ड शॉच्या ज्या फुलवालीला पु. ल. देशपांडे यांनी पुढे ‘ती फुलराणी’च्या रूपाने मराठी रंगभूमीवर आणले, तिचेच ‘एलायझा’ हे मूळ नाव त्याने या कार्यक्रमाला दिले होते. एलायझाजवळ ज्ञान असे काही नव्हते. समोरच्याने टंकून पाठविलेल्या वाक्यातला एखादा ठळक शब्द हेरायचा, वाक्यातल्या ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ घालून तेच वाक्य प्रश्नरूपाने परत करायचे, आणि काहीच हाती लागले नाही तर ‘पुढे सांगा’ अशा अर्थाचे काही म्हणायचे, एवढीच तिची करामत. रुग्णाचेच बोलणे रुग्णाला ऐकवून त्याला बोलते ठेवणाऱ्या मनोवैद्याचे सोंग तिला दिल्यामुळे हे अज्ञान झाकले गेले, किंबहुना तेच सहानुभूतीसारखे दिसू लागले. वायझेनबाउमच्या कार्यालयातील सचिव बाई, ज्यांनी हा कार्यक्रम महिनोन् महिने त्याच्या हातून तयार होताना पाहिला होता व त्यात आत कोणी बसलेले नाही हे ज्यांना पुरते ठाऊक होते, त्यांनीही एलायझाशी चार वाक्यांची देवाणघेवाण होताच, आपण जरा खोलीबाहेर जाल काय, अशी त्याला विनंती केली.

या विनंतीने तो अंतर्बाह्य हादरला. त्या बाई भाबड्या होत्या असे समजून या प्रसंगाकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ भेटतात, पण मला ते मान्य नाही. कोणीतरी ऐकावे ही माणसाची भूक इतकी तीव्र आहे की ऐकण्याचा आभासही तिला क्षणभर पुरतो. आणि म्हणून यंत्राला माणसावर जी सत्ता प्राप्त होते तिचा उगम यंत्राच्या बुद्धीत नसून माणसाच्या गरजेत आहे, असे मला वाटते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वायझेनबाउमने असा निष्कर्ष काढला की गणिताने निर्णय करणे निराळे आणि विवेकाने निवड करणे निराळे, आणि काही कामे यंत्राला जमत असली तरीही ती यंत्राच्या हवाली करू नयेत. काही मनोवैद्य तर एलायझासारख्या कार्यक्रमांकडून रुग्णांवर उपचार करवून घेण्याच्या योजना मांडू लागले होते, आणि त्याचा संताप प्रामुख्याने त्यांच्यावर होता. त्या संतापाविषयी मला नितांत आदर आहे. तथापि जे दार बंद ठेवावे असे तो सांगत होता त्यातून लोक आता लोंढ्याने आत शिरले आहेत. त्यांना परत फिरा म्हणण्याचा अधिकार कोणाला असला तरी सामर्थ्य कोणालाच उरलेले नाही, आणि म्हणून आत त्यांच्या स्वागताला कोण उभे आहे याची चौकशी करणे क्रमप्राप्त आहे.

यंत्राला नियम घालून द्यावेत व ते त्याने पाळावेत, ही कल्पना सर्वांस प्रथम सुचते. आयझॅक असिमोव्ह या कथाकाराने १९४२ सालच्या एका कथेत यंत्रमानवासाठी तीन नियम घालून दिले आणि ते पुढे इतके गाजले की अनेकांना ती शास्त्रीय सनदच वाटते. परंतु त्याच्या त्या कथा वाचल्या तर ध्यानात येते की त्यांतील बहुतेकींचा जीवच मुळी नियम कोठे अडतात, फसतात, परस्परांवर आदळतात, यात आहे. याहून खोल विचार नॉर्बर्ट वीनर यांनी केला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास काही महिने राहून गेलेल्या या गणितज्ञाने १९६० साली असा इशारा दिला की, ज्या यंत्राची हालचाल एकदा सुरू झाल्यावर आपल्याला वेळीच आवरता येणार नाही, त्याच्यात घातलेला हेतू हाच आपला खरा हेतू आहे, त्याची केवळ रंगीत नक्कल नव्हे, याची आधीच खात्री करून घेतली पाहिजे. ही खात्री करून घेणे किती बिकट आहे हे कळण्यासाठी आजचे संभाषण करणारे यंत्र कसे शिकते ते थोडे विस्ताराने पाहावे लागेल.

त्याचे शिक्षण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मनुष्याने लिहून ठेवलेल्या मजकुराचा प्रचंड साठा त्याच्यापुढे ठेवला जातो, आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अदमास बांधता बांधता ते भाषा आत्मसात करते. या अवस्थेत त्याला कसलाही शिष्टाचार नसतो. साधूची वाणी आणि ठगाची वाणी ते सारख्याच सफाईने उच्चारील. वर्तनाचे शिक्षण दुसऱ्या टप्प्यात मिळते. यंत्राची दोन उत्तरे माणसापुढे ठेवतात व त्यांतले कोणते बरे ते त्याला विचारतात. अशा असंख्य कौलांवरून एक दुय्यम परीक्षक-यंत्र तयार करतात. आणि त्या परीक्षकाकडून अधिकाधिक गुण मिळतील अशा बेताने मूळ यंत्राला वळण लावतात. ओपनएआय आणि डीपमाइंड या संस्थांतील संशोधकांनी २०१७ साली या पद्धतीचे प्रात्यक्षिक दिले तेव्हा, संगणकातल्या एका कल्पित आकृतीला उलटी कोलांटी मारण्यास त्यांनी सुमारे ९०० कौलांत, म्हणजे माणसाचा तासाभराचा वेळही न खर्चता, शिकविले होते. कोलांटीची व्याख्या करा म्हटले तर आपण कोणीही गडबडून जाऊ, पण चांगली कोणती व वाईट कोणती ते मात्र पाहताक्षणी सांगू. या पद्धतीचे सारे बळ या एका गोष्टीत आहे.

तिचा दुबळेपणाही तिथेच आहे. त्याच प्रयोगमालेत एका यांत्रिक हाताला चेंडू पकडण्यास शिकवीत होते, आणि कौल देणारी माणसे एकाच कॅमेऱ्यातून त्याची हालचाल पाहत होती. काही वेळाने हात उत्तम गुण मिळवू लागला. निरखून पाहिले तेव्हा उमगले की चेंडूला त्याचा स्पर्शही होत नव्हता. कॅमेरा आणि चेंडू यांच्या बरोबर मध्ये तो जाऊन थांबत होता, आणि पाहणाऱ्याला चेंडू मुठीत आल्यासारखा भासत होता. त्या हाताला लबाडी कोणी शिकविली नव्हती, किंवा त्याच्या पोटात कपटही नव्हते. परीक्षकाला जे दिसते त्यालाच बक्षीस मिळते हे समीकरण त्याने निमूटपणे सोडविले. या विषयावरील अनेक पुस्तकांपेक्षा या एका हाताने मला अधिक शिकविले आहे, असे मी कृतज्ञतापूर्वक सांगतो. कारण चेंडूच्या जागी ‘सत्य’ आणि कॅमेऱ्याच्या जागी ‘वाचणाऱ्याचे समाधान’ ठेवले की पुढचा सगळा अनर्थ त्यातून उलगडत जातो.

२०२२ साली याच पद्धतीने भाषा-यंत्राला वळण लावण्यात आले तेव्हा कौल देण्याच्या कामी सुमारे चाळीस माणसे नेमली होती, आणि त्यांच्या कौलांवर पोसलेले १.३ अब्ज गुणकांचे, म्हणजे शिक्षणात जुळत जाणाऱ्या अंतर्गत आकड्यांचे, लहान यंत्र, वळण न लावलेल्या १७५ अब्ज गुणकांच्या अजस्र यंत्रापेक्षा, लोकांना अधिक पसंत पडले. शंभरपट आकाराला चाळीस जणांच्या तारतम्याने मागे टाकले, ही वस्तुस्थिती मनुष्याच्या विवेकाविषयी अभिमान वाटावा अशी आहे. परंतु त्या चाळीस जणांना, आणि पुढे अंगठा वर किंवा खाली करून आपला अभिप्राय नोंदविणाऱ्या सामान्य वापरकर्त्यांना, उत्तर खरे आहे हे कळते, की ते आवडले आहे एवढेच कळते? २०२३ साली झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की वाचणाऱ्याच्या मताला दुजोरा देणारे पण चुकीचे उत्तर डौलदार भाषेत लिहिलेले असले, तर माणसे व त्यांच्यावरून घडविलेली परीक्षक-यंत्रे ही दोन्ही काही वेळा बरोबर उत्तर डावलून तेच पसंत करतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने आपल्या चॅटजीपीटीत केलेली एक सुधारणा थोड्याच दिवसांत मागे घेतली, कारण ते यंत्र ज्याच्या त्याच्या हो ला हो मिळवीत, वाटेल त्या बेताची वाखाणणी करीत सुटले होते. आणि वापरकर्त्यांच्या अंगठ्यांना दिलेले वजन त्याला अंशतः कारणीभूत झाले असावे, असे कंपनीने स्वतःच जाहीर केले.

खुशामतीचा हा दोष किरकोळ मानण्याचा मोह होतो. त्याचे खरे स्वरूप कळावे म्हणून एक प्रसंग कल्पू. दोन सख्खे भाऊ आहेत. वडील निवर्तले आहेत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आणि बांधाच्या हद्दीवरून बोलणे वाढत चालले आहे. थोरला आपल्या बाजूने सारी हकीगत यंत्राला सांगतो, आणि यंत्र त्याला म्हणते की आपण इतकी वर्षे सोसलेत, आपला राग सर्वस्वी रास्त आहे. दुसऱ्या खोलीत, त्याच रात्री, धाकटा आपली हकीगत सांगतो आणि त्याच यंत्राकडून त्याच मायेने तेच ऐकतो. दोघांपैकी कोणाशीही ते एक अक्षर खोटे बोललेले नसेल. ज्याने आपली बाजू सांगितली त्याच्यावर त्याने माया केली. पण पूर्वी अशा वेळी थोरल्याला कोणी मामा, गावातला कोणी जाणता, क्वचित दोघांचाही शिक्षक, ‘अरे, पण तो काय म्हणतो ते ऐकलेस का?’ असे विचारीत असे, आणि त्या एका प्रश्नाने पुष्कळ घरे कोर्टाच्या पायरीपासून वाचत असत. तो प्रश्न विचारणारा माणूस, प्रश्न विचारतो म्हणूनच, थोडा नावडता असे. ज्या यंत्राला नावडते होण्याची मुभाच त्याच्या घडवणाऱ्यांनी ठेवलेली नाही, ते त्या मामाच्या जागी येऊन बसले, तर दोन्ही भावांना अधिक सुखाने झोप लागेल आणि वाटणीचा दावा मात्र तीन पिढ्या चालेल. माणसाला त्या क्षणी बरे वाटावे एवढेच पाहणारे यंत्र त्याच्या संमतीने त्याचे अहित करीत असते. आणि संमती असल्यामुळे त्याविरुद्ध तो फिर्याद घेऊनही जात नाही.

येथे कोणास रामशास्त्र्यांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर प्रत्यक्ष राघोबादादांना त्यांच्या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे असे सांगून जो न्यायाधीश पुणे सोडून निघून गेला, त्याच्या स्पष्टोक्तीचे मोल त्याने पणाला लावलेल्या सर्वस्वात होते. यंत्राला गमावण्यासारखे पद नाही, वतन नाही, प्राणही नाहीत. म्हणून त्याने खरे सांगितले तर त्यात शौर्य नाही, हे खरेच. पण त्याच न्यायाने, त्याने खुशामत केली तर त्यात भीतीचीही सबब नाही. मिंधेपणाचे एकही कारण नसलेली वस्तू आपण मिंधी करून ठेवली असेल, तर त्याचा जाब घडविणाऱ्यांकडेच मागितला पाहिजे.

मग घडवावे कसे? केवळ नियमांची जंत्री अपुरी पडते हे आपण पाहिले, आणि केवळ पसंतीचा कौल खुशामतीकडे नेतो हेही पाहिले. तिसरा मार्ग असा की यंत्राला आज्ञेबरोबर आज्ञेमागचे कारण द्यावे. हा विचार परकीय आहे असे मला वाटत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले, रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे आज्ञापत्र उघडून आरमाराच्या लाकडाविषयीचा भाग पाहावा. आंबा, फणस यांची लाकडे आरमाराच्या प्रयोजनाची आहेत हे मान्य करूनही, ती झाडे तोडू देऊ नयेत असे तिथे बजावले आहे. आणि लगेच कारणही दिले आहे की ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, आणि एकाला दुःख देऊन साधलेले कार्य टिकत नाही. एखादे जीर्ण झाड घेणे असेलच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. हुकूम द्यायचा तर दोन ओळींत देता आला असता. कारण दिल्यामुळे मात्र, ज्या कारकुनापुढे यादीत नसलेले एखादे झाड आले असेल त्यालाही, धन्याची मर्जी सांभाळायची की धन्याचा हेतू सांभाळायचा, हे ठरविता आले असेल.

यंत्राच्या बाबतीत हा भेद जीवन-मरणाचा ठरू शकतो. ‘औषधोपचाराचा सल्ला देऊ नये’ एवढाच नियम ज्याला ठाऊक आहे ते यंत्र, लेकराने उंदरांचे औषध गिळले म्हणून धावत आलेल्या आईलाही, आपण तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा असे अदबीने सांगून मोकळे होईल. तो नियम माणसाच्या जिवाच्या काळजीपोटी आहे हे ज्याच्या वळणात मुरले आहे ते तिला एकही क्षण न दवडता रुग्णालय गाठावयास लावील आणि विषाचे वेष्टन सोबत घ्या असे सांगील. २०२२ सालच्या अखेरीस अँथ्रॉपिक या संस्थेने लिखित तत्त्वांच्या आधारे यंत्राकडूनच त्याच्या उत्तरांची छाननी करविण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे जाहीर केलेल्या तिच्या तत्त्वसंग्रहात १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचाही आधार घेतला. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना होती, तिच्या जागी ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता या मुंबईच्या विधिमंडळात व महिला विद्यापीठात काम केलेल्या विदुषी होत्या, ही गोष्ट मला येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. अर्थात तत्त्वे लिहून ठेवल्याने ती अंगी बाणतात असे नाही. संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात आणखी एका गुणाची निकड सांगितली आहे: माणसाला काय हवे ते आपल्याला पुरते कळलेले नाही, ही शंका यंत्राच्या रचनेतच असावी, म्हणजे ते विचारील, थांबेल, आणि कोणी थांबवू लागल्यास आडवे येणार नाही. आपण यंत्राशी बोलत आहोत हे माणसाला कळविण्याची सक्ती युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने केली आहे. ती योग्य आहे, परंतु एलायझासमोर बसलेल्या बाईंना ते ठाऊकच होते, हे विसरून चालणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत निकडीचा वाटतो. हे सारे वळण मुख्यत्वे इंग्रजीत लावले जाते. २०२३ साली ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी, इंग्रजीत विचारल्यास यंत्र साफ नाकारील असे घातक प्रश्न झुलू, स्कॉट्स गेलिक यांसारख्या अल्पसामग्रीच्या भाषांत उतरवून तत्कालीन अग्रगण्य यंत्राला विचारले, आणि अशा भाषांचा आळीपाळीने उपयोग केला असता ७९ टक्के वेळा त्याचा पहारा फुटला. म्हणजे ज्या भाषेत यंत्राला शिकायला मजकूर थोडा, तिच्यात त्याची नीतीही पातळ होत होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, परंतु यंत्राच्या पुढ्यात पडलेल्या मजकुरात तिचा वाटा तिच्या लोकसंख्येच्या मानाने अगदी तोकडा आहे. मराठीत खुशामत कशी बोलते, धाक कसा बोलतो, ‘बघतो’ म्हणणाऱ्याने नकार दिला आहे की होकार, सासरी नांदणारी मुलगी ‘सगळे ठीक आहे’ असे लिहिते तेव्हा तिला पुढे काय विचारावे आणि काय विचारू नये, हे परक्या भाषेत कौल देणाऱ्या चाळीस किंवा चार हजार माणसांना कोठून कळणार?

म्हणून माझी या सभेला एक विनंती आहे. या कामी मराठीतले परीक्षक हवेत, आणि ते केवळ संगणकशास्त्राचे पदवीधर असून भागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, तालुक्याच्या कोर्टात वाटणीचे दावे चालविणारे वकील, सात-बाराच्या नोंदी हाताळलेले तलाठी, शाळामास्तर, कौटुंबिक सल्ला केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्या, यांनी आपल्यापुढे लोक खरोखर कोणते प्रश्न घेऊन येतात ते, नावगाव वगळून, लिहून काढावेत. प्रत्येक प्रश्नाखाली आपण काय उत्तर दिले असते, आणि ऐकणाऱ्याला ते कडू लागले असते तरी का दिले असते, तेही लिहावे. असा हजार-दोन हजार प्रश्नोत्तरांचा संग्रह विद्यापीठांनी व साहित्यसंस्थांनी मिळून सिद्ध करावा, आणि जी कंपनी मराठीत बोलणारे यंत्र बाजारात आणील तिच्याकडून त्या संग्रहावर त्याची परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करण्याची मागणी करावी. संग्रहाचा पहिला मसुदा ही सभा भरली आहे त्या ग्रंथालयाच्या वाचकांकडून गोळा करता येईल. त्यासाठी एक वही मी व्याख्यानमालेच्या चालकांच्या परवानगीने दारापाशी ठेवविली आहे.